दर टोल्याला दहा श्वास

एकतीस वर्षं मी शाळेत घंटा वाजवली. लोखंडी पट्टी, हातोडी आणि भिंतीवरचं घड्याळ, एवढाच माझा संसार. परीक्षेत दर अर्ध्या तासाला एक टोला द्यायचा. तो पडला की वर्गातली पोरं दचकायची. एकीने तर शाईची दौतच सांडली होती. मी नुसती वेळ सांगत होते, त्यांना वाटायचं मी ओरडतेय. ते मनात राहून गेलं.

म्हणून नात पहिल्या चाचणीत गणिताचा कोरा पेपर देऊन आली, तेव्हा मला वाटलं, हे काम आपलंच. नाकाच्या शेंड्यावर तीळ, म्हणून आम्ही तिला ठिपकी म्हणतो. घरी तिला सगळं येतं. वर्गात हात गार पडतात आणि डोकं रिकामं होतं. आता वार्षिक परीक्षा होती. गणिताचे दोन पेपर. दोन्ही मिळून पास झाली नाही, तर मैत्रिणी पुढच्या वर्गात आणि ही मागे.

रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर आमची परीक्षा सुरू झाली. बंद पाकिटात प्रश्न, टेबलावर नंबराची चिठ्ठी. मी स्टीलच्या ताटावर आमटीचा डाव मारायची.

"टोला पडला की पेन्सिल खाली. डोळे मिटायचे. दहा श्वास. मग पुढचं गणित."

"आई, तिच्या शाळेत विजेचा भोंगा आहे," सून म्हणाली. "तिथे ताट कोण बडवणार?"

"असू दे गं. सवय लागतेय ना?"

सवय लागली. तिसऱ्या आठवड्यात ठिपकी दचकायची थांबली. मी खूश.

पहिल्या पेपराच्या दुसऱ्या दिवशी वर्गाच्या बाईंनी सुनेला आणि मला बोलावलं.

"तुमची मुलगी पेपर लिहिता लिहिता झोपते," बाई म्हणाल्या. "मी तीनदा हलवलं. म्हणते, थांबा बाई, अजून सोळा राहिलेत."

सुनेने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे. मग ठिपकीलाच विचारलं.

"वीज गेली होती ना आजी. शिपाईकाकांनी जुनी घंटा बाहेर काढली. धाकट्या वर्गांचे तासही त्याच घंटेवर. तिसऱ्या तासाला तीन टोले, म्हणजे तीस श्वास. चौथ्याला चाळीस. सुट्टीची घंटा तर संपेचना. मोजता मोजता दमले मी!"

टोला म्हटल्यावर मला फक्त परीक्षेचाच आठवला होता. तासांचे टोले मीच इतकी वर्षं दिले आणि मीच विसरले!

बाईंनी पेपर पुढे केला. शेवटची चार गणितं कोरी. पण वरची सगळी बरोबर, अक्षर सरळ.

"मागच्या वेळी हिने नावसुद्धा लिहिलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "मी रागावू की काय करू, तेच मला कळत नाहीये."

मलाही कळत नव्हतं. दुसरा पेपर उद्या. वीज अजून आली नव्हती. शिकवलेलं मोडावं, तर ती पुन्हा दचकेल. ठेवावं, तर पेपर अर्धा राहील. संध्याकाळी मी ताट घेऊन नुसती बसून राहिले.

"वाजव ना," ठिपकी म्हणाली.

वाजवलं. तिने श्वास घेतला, पण पेन्सिल चालूच.

"अगं, पेन्सिल खाली ठेवायची ना? आणि डोळे?"

"आजी, श्वास काय हाताने घ्यायचा असतो?"

एवढं साधं मला का सुचलं नाही, याचाच विचार करत राहिले.

सकाळी मी शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहिले. आत ती आता कुठलं ऐकणार, माझं की स्वतःचं, काही सांगता येईना. तेवढ्यात घंटा झाली आणि मी अशी दचकले की हातातली पिशवी पडली. एकतीस वर्षांत बाहेरच्या बाजूने घंटा कधी ऐकलीच नव्हती. पुन्हा पुन्हा टोले पडत राहिले. पिशवी उचलून मी भिंतीला टेकले, डोळे मिटले आणि श्वास मोजू लागले. मध्येच आकडा चुकला, पुन्हा एकपासून.

कुणीतरी पदर ओढला.

"आजी, डोळे उघड. पेपर कधीच संपला," ठिपकी म्हणाली. "सगळी गणितं सोडवली. तुझे किती राहिलेत?"