दोन डबे शितो

या, जवळ सरका. प्रवचनाला अजून अवकाश आहे, तोवर एका बॅगेची गोष्ट सांगते.

आपली कुकुवा नर्स झाली आणि तिला इंग्लंडात नोकरी लागली. तिला जन्म दिला अराबाने. पण अराबा आक्राच्या बाजारात कापड विकत राहिली आणि पोर वाढली इथे केप कोस्टला, थोरल्या बहिणीकडे, मान्साकडे. मान्साला ती मोठी आई म्हणते. त्या 'मोठी'चं कुसळ अराबाच्या काळजात कायम रुतलेलं.

निरोपाला दोघींनी आपापला शितो केला. मिरची, आलं नि सुकी मासळी तेलात काळीकुट्ट होईस्तोवर परतली आणि दुधाच्या पावडरीचे रिकामे डबे गळ्यापर्यंत भरले. आक्राच्या विमानतळावर मीही गेले होते.

बॅग काट्यावर चढली. काउंटरवरचा म्हणाला, "आई, वजन जास्त होतंय. एक डबा काढा."

"मान्साताईचा काढ," अराबा पटकन बोलली. "जन्मभर तिच्याच हातचं खाल्लंय पोरीने. आता तरी माझं खाऊ दे."

"बाजारातून सवड काढली असतीस तर तेव्हाही खाल्लं असतं," मान्सा फणकारली. मग कुकुवाच्या तोंडाकडे बघून निवली. "काढ गं माझा. तिचं विमान चुकायला नको."

आपली फांटी बायकांची खोड तुम्हाला ठाऊकच आहे. चर्चमध्ये उपदेशक बोलत असतो आणि आपण मधेच गाणं उचलतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "राजा, तलवार म्यान कर, जिने हात सोडला तिलाच लेकरू दे!" मागच्या रांगेतल्या दोघींनी सूरही धरला.

अराबाचा चेहरा उतरला. एका लेकरावर दोघींनी हक्क सांगितला, शलमोन राजाने ते चिरून वाटायला तलवार मागवली, तेव्हा जिने हक्क सोडला तीच खरी आई ठरली, हे तिला कुणी सांगायला नको होतं. अन् त्या आईचे बोल मान्सा आधी बोलून गेली होती!

"नाही!" अराबा बॅगेवर झेपावली. "माझा काढा!"

"आता हेही माझंच हवं का तुला?" मान्सा उसळली.

"पोरगी तू घेतलीस, निदान त्याग तरी मला करू दे!"

"आयांनो," काउंटरवरचा कळवळला, "मागे रांग आहे."

कुकुवा फरशीवर बसली. दोन्ही डबे एका प्लास्टिकच्या पिशवीत उपडे केले, चांगले कालवले, पुन्हा भरले. एक डबा बॅगेत गेला, दुसरा तिने दोघींच्या मध्ये ठेवला.

"आता कुणाचा कुठला, शलमोनालाही सांगता यायचं नाही," म्हणाली, दोघींच्या पाया पडली आणि गेली.

अराबाचं घर आक्रातच. पण उरलेला डबा एकट्या मान्साच्या घरी जाणार, हे तिला कसं सोसावं? चढली आमच्याबरोबर केप कोस्टच्या बसमध्ये, डबा मांडीवर घेऊन. वाटभर दोघी झाकण उघडून हुंगत होत्या.

"मासळी माझी वर आलीय बघ."

"वास माझ्या आल्याचा आहे."

तर आज प्रार्थनेत कुकुवाचं नाव सगळेच घेतील. तुम्ही अराबाचं घ्या. ती अजून मान्साकडेच आहे, डब्याला राखण बसलीय.