बासष्ट बिघाड

दुकानवाल्या बाईंनी दोन खोकी काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली. वेलांटीकाकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि आधी दोन्ही खोक्यांवरच्या चिठ्ठ्यांचं शुद्धलेखन तपासलं. डावीकडच्या चिठ्ठीवर ‘हार्ड डीस्क’ असं छापलं होतं. त्यांनी ते खोकं एका बोटानं मागे सारलं.

“ही नको?” बाईंनी विचारलं.

“डिस्क ऱ्हस्व असते. इथे दीर्घ केली आहे.”

“अहो काका, चिठ्ठी मी चिकटवलीये. डिस्कचा काय दोष त्यात?”

काकांनी खोकं पुन्हा पुढे ओढलं, पण ते मनातून उतरलं ते उतरलंच.

चौतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली की माणूस असाच होतो. तिथे त्यांना मागून सगळे ‘वेलांटी’ म्हणत आणि तोंडावर ‘काका’. निवृत्तीच्या दिवशी दोन्ही एकत्र करून भाषण झालं आणि तेच नाव पडलं. प्रुफांची खोली वर आणि यंत्रं खाली. चौतीस वर्षं ती पायाखाली धडधडत राहिली आणि त्यांनी काकांचे अक्षरशः कान खाल्ले. आता समोरच्याचं तोंड दिसत असलं आणि तो सावकाश बोलला तर काकांना बऱ्यापैकी कळे. फोनवर मात्र नुसती खरखर.

जुना कॉम्प्युटर त्यांनी चाकाच्या पिशवीतून ओढत आणला होता. बाईंनी त्याला वीज जोडली, पडदा लावला आणि कान जवळ नेला.

“किती दिवस होतंय असं?”

“तीन आठवडे. मला ऐकू येत नाही. पेटीवर हात ठेवला की लागतं हाताला. ठक, मग थांबते, मग पुन्हा ठक. एक फाइल तर चौथ्या खेपेला उघडली.”

“दिवस भरलेत हिचे,” बाई म्हणाल्या आणि काकांना समजावं म्हणून हातानंही तसंच काहीसं दाखवलं. “वेळेवर आणलीत. अजून उतरवून घेता येईल आतलं. नवी कोणती घालायची तेवढं ठरवा.”

त्यांनी दोन्ही खोकी उघडली. एकातली डिस्क पातळ आणि हलकी, पत्त्यांच्या कॅटाएवढीही नाही. दुसरी जुन्यासारखीच, जाड, हातात घेतली की वजन कळणारी.

“ही छोटी वेगाला वाऱ्यासारखी. आत फिरणारं काही नाही, आवाज नाही, तापत नाही. पण जाते तेव्हा बहुतेकदा सांगून जात नाही. आज आहे, उद्या नाही. आणि ही जाडी, हिच्यात तबकडी फिरते. हळू आहे, म्हातारी झाली की कुरकुर करते. पण त्या कुरकुरीनंच कळतं ना, आता बघायला पाहिजे म्हणून. तुमच्या हाताला लागलं तसं.”

काकांनी जाडी डिस्क तळहातावर तोलली. न सांगता जाणाऱ्यांचा त्यांना अनुभव होता. बायको नऊ वर्षांपूर्वी दुपारच्या झोपेत गेली होती, शेजारच्या खोलीत, आणि ते इकडे एका दिवाळखोर प्रकाशकाच्या शब्दकोशातले ऱ्हस्वदीर्घ लावत बसले होते.

“ही कुरकुरणारी बरी,” ते म्हणाले.

“बरं. पाच वर्षांची हमी आहे हिला, आणि या कामातली चौदा वर्षं माझी. नीट हवा लागू दिलीत तर सात-आठ वर्षं बघायला नको. कसलाच बिघाड नाही. तुम्हालाही त्रास नाही आणि घरच्यांनाही.”

बाईंनी हे चांगल्या मनानं सांगितलं होतं. काकांनी डिस्क काउंटरवर ठेवली. ठेवताना जरा जोरात ठेवली गेली असावी, कारण बाईंनी ती लगेच उचलून पाहिली.

“याहून कमी टिकणारी नाही का एखादी?” काकांनी विचारलं.

बाईंना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. दुकानात बहिरं नक्की कोण, असा क्षणभर प्रश्न पडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

खरी गोष्ट अशी होती की काकांना बिघाड हवे होते. त्यांची एकुलती एक मुलगी ठकू विमानानं चौदा तासांवर राहत होती. आई गेली तेव्हा ती येऊन गेली, त्यानंतर दोनदा. फोन दोघांच्या उपयोगाचा नव्हता. व्हिडिओवर तिचं तोंड आधी हले आणि आवाज मागून येई, त्यामुळे काकांना ना तोंड वाचता येई ना आवाज लागे. ती मेसेज पाठवी: जेवलात का, गोळ्या घेतल्यात का. अशा प्रश्नांना ‘हो’ याखेरीज उत्तर नसतं, आणि ‘हो’ लिहून झालं की दिवस पुन्हा तेवढाच उरतो.

पण कॉम्प्युटर बिघडला की गोष्ट वेगळी. काका एका ओळीत काय बिघडलं ते कळवत आणि ठरल्या वेळी ठकू तिकडून त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरे. पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला की काका माऊसवरचा हात काढून घेत. घरात कुणीतरी आलं आणि आपण उठून खुर्ची दिली, असं त्यांना वाटे. बोलायला ती नोटपॅड उघडी. तिकडून ती टाइप करी, इकडून हे. दुरुस्ती दहा मिनिटांची आणि गप्पा तासाभराच्या. तिच्या कचेरीतला कुरकुऱ्या साहेब, तिच्या खिडकीखालचं झाड, आईच्या हाताच्या चवीची न जमलेली आमटी, सगळं त्या पांढऱ्या चौकटीत येई. ती निघून गेली की काका ते पान जपून ठेवत आणि त्याला त्या दिवशीच्या बिघाडाचं नाव देत. ‘प्रिंटर गेला’. ‘अक्षरं बारीक झाली’. सगळ्या फायली ‘बिघाड’ नावाच्या फोल्डरमध्ये. बासष्ट झाल्या होत्या.

त्यातले पहिले दहा-बारा बिघाड खरे. पुढचे काकांनी स्वतः केलेले. पेटीच्या मागे हात घालून एखादी वायर अर्धवट ओढून ठेवायची, बस्स. लबाडी म्हणायची तर म्हणा, पण त्यांना तिची फार आठवण येई आणि नुसती आठवण येते म्हणून कामातल्या मुलीला बोलवायचं कसं, हे त्यांना कधी जमलं नव्हतं.

त्या गप्पांमध्ये काकांना आणखी एक काम असे. ठकूचं लिहिणं परदेशात राहून पार बिघडलं होतं. ‘तुम्हि’, ‘दुध’, ‘पाणि’. ती ओळ लिहून थांबली की काका मागोमाग जाऊन तिच्या वेलांट्या दुरुस्त करत. ‘आणि’ तर तिनं आयुष्यात एकदाही बरोबर लिहिला नसेल. दर खेपेला ‘आणी’. मग काका तिला पुन्हा समजावत की मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ हे खरं, पण ‘आणि’ हा अपवाद, तो ऱ्हस्वच. ती लिही, ‘बरं बाबा, आता नाही चुकणार’. पुढच्या ओळीत पुन्हा ‘आणी’. पोरीचं मराठी गेलं याचं त्यांना वाईट वाटे. आणि आपण अजून तिच्या कामाचे आहोत याचं बरंही वाटे, ते त्यांनी कुणाजवळ कबूल केलं नसतं.

“काका, आत महत्त्वाचं काय आहे?” बाई विचारत होत्या. “जुनी डिस्क अर्ध्यातच बंद पडू शकते. जे हवंच आहे ते आधी उतरवते. फोटो?”

“फोटो नकोत. बासष्ट फायली आहेत. फोल्डरचं नाव ‘बिघाड’.”

“बिघाड?” बाईंचा हात थांबला. “स्पीकरचा पण बिघाड आहे का त्यात?”

“आहे. मार्चमधला. स्पीकरमधून आवाज येत नव्हता.”

बाईंनी त्यांच्या कानातल्या यंत्राकडे पाहिलं. काकांच्या ते आता, इतक्या महिन्यांनी, लक्षात आलं. स्पीकरचा आवाज गेला, ही तक्रार त्यांनी केली होती. त्यांनी. आणि ठकूनं चाळीस मिनिटं तो स्पीकर तपासला होता, दोनदा विचारलं होतं, ‘आता येतोय का आवाज?’, आणि यांनी बेलाशक लिहिलं होतं, ‘थोडा थोडा’.

“म्हणजे ते तुम्हीच,” बाई म्हणाल्या. “परवा मला एक मेल आलाय. नावगाव नीट नव्हतं कळलं मला. थांबा.”

त्यांनी आपला पडदा काकांकडे वळवला.

मेल ठकूचा होता. या दुकानाचा पत्ता काकांना तिनंच कळवला होता. काकांनी नेहमीच्या सवयीनं बोट ओळीखाली धरलं आणि वाचायला लागले.

‘नमस्कार. माझे वडील या आठवड्यात त्यांचा कॉम्प्युटर घेऊन तुमच्याकडे येतील. त्यांना ऐकू कमी येतं. कृपया समोर बघून आणि सावकाश बोला. त्यांना सर्वांत भरवशाची तबकडीवाली डिस्क द्या आणि शक्य असेल तर दुसरी एक जोडून, म्हणजे प्रत्येक फाइलची प्रत राहील. जुनीवरून ‘बिघाड’ हे फोल्डर सर्वांत आधी उतरवा. बाकी काही राहिलं तरी चालेल. ते राहता कामा नये. आणखी एक विनंती. प्रिंटर आणि स्पीकर यांच्या मागच्या वायरी अधूनमधून निघतात. त्या पट्टीनं बांधू नका आणि घट्टही बसवू नका. हातानं सहज निघतील अशाच असू द्या.’

काका शेवटपर्यंत आले आणि पुन्हा पहिल्या ओळीला गेले. दुसऱ्या वाचनात त्यांनी अर्थ बाजूला ठेवला आणि नुसती अक्षरं पाहिली, छापखान्यात पाहत तशी. ‘कृपया’ नीट. ‘विनंती’ नीट. ‘आणि’ चारदा आला होता. चारही ऱ्हस्व.

“ते वायरीचं मला काही कळलं नाही,” बाई म्हणाल्या. “सगळे सांगतात घट्ट बसवा. तिनं उलटं लिहिलंय. चुकून लिहिलं असेल का?”

काकांनी तिसऱ्यांदा वाचलं.

“नाही,” ते म्हणाले. “एकही नाही.”

“एकही काय?”

“चूक.”

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला. काच स्वच्छ होती तरी ते पुसत राहिले. बाईंनी डिस्कचं खोकं आवरायला घेतलं, मग सोडून दिलं आणि आतून पाणी आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

“दोन द्या,” काका पाणी पिऊन म्हणाले. “तिनं सांगितलंय तशा. ह्याच.”

“आणि वायरी?”

“त्या मी घरी लावीन.”

पाचव्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर घरी आला. काकांनी तो टेबलाखाली सरकवला, एकेक वायर मागच्या भोकात बसवली आणि अंगठ्यानं शेवटपर्यंत दाबली. पेटी सुरू झाली तेव्हा त्यांनी तिच्यावर हात ठेवून पाहिला. हाताला एकसारखी बारीक थरथर लागत होती, ठेच कुठे नव्हती. फोल्डर उघडून त्यांनी फायली मोजल्या. बासष्ट भरल्या. चौथ्या खेपेला उघडणारी फाइल पहिल्याच खेपेला उघडली.

मग ते फोन हातात घेऊन बसले. तिच्याकडे आता संध्याकाळ, कचेरीतून घरी आली असेल. ‘प्रिंटर’ एवढं त्यांच्या बोटांनी लिहूनही टाकलं. ते त्यांनी खोडलं. पुन्हा काही लिहिलं, तेही खोडलं. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं सरळ केली, पण स्वतःचं एक सरळ वाक्य लिहायला त्यांना अर्धा तास लागला.

‘काही बिघडलेलं नाही. वेळ असेल तर ये.’

पाठवून दिलं आणि फोन पालथा घातला, उत्तर दिसू नये म्हणून.

बऱ्याच वेळानं पडद्यावरचा बाण हलला. काकांनी माऊसवरचा हात काढला. बाण सवयीनं प्रिंटरच्या चित्राकडे गेला, तिथे घुटमळला, मागे फिरला. नोटपॅड उघडलं.

‘बाबा, खरंच काही बिघडलेलं नाही?’

‘नाही.’

‘मग मी काय करू?’

काकांनी लिहिलं, ‘बस.’

लिहिल्यावर त्यांनी तो शब्द पाहिला. बस म्हणजे बैस, आणि बस म्हणजे पुरे. दुसऱ्या कुणी असं लिहिलं असतं तर त्यांनी समासात लाल प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलं असतं. ‘पुरे’ असं वाचून ती गेली तर? बोटं दुरुस्तीला पुढे झाली, पण खालच्या ओळीवर तिची उभी रेघ लुकलुकत होती. ती काही लिहीत नव्हती, जातही नव्हती. काकांनी बोटं तशीच अधांतरी धरली.

‘बसले,’ तिनं लिहिलं.

काकांनी हात मांडीवर घेतले. पडद्यावर तिची उभी रेघ लुकलुकत राहिली.