बिनतिकिटाचं बोरमाळ

बोरमाळ हॉल्ट बंद पडून सोळा वर्षं झाली, आणि आता गावाला त्याचा पुळका आला! पडक्या तिकीटखिडकीसमोर मंडप टाकला, 'आमच्या स्टेशनचा इतिहास' असा भला मोठा फलक लावला आणि सत्काराला बोलावलं कोणाला, तर साखराबाईला. नवरा त्रिंबक वारल्यावर त्या खिडकीत बसून तिनंच कमिशनवर तिकिटं विकली होती. विकली कसली, विकायला बसली होती.

शालीसाठी ती आली नव्हती. स्टेशन का गेलं, ते फलकावर खरं लिहावं, एवढंच तिला हवं होतं. शेजारी लेक रेणुका बसली होती, कापूस वेचून खरचटलेले हात पदराखाली घेऊन. स्टेशन चालू होतं तेव्हा ती पॅसेंजरनं बदनापूरला कॉलेजला जायची.

फलकावरचा इतिहास लिहिला होता शरदचंद्र सरांनी. आता शहरात राहतात, मोटारीनं आले. "रेल्वेनं आपल्याला सापत्न वागणूक दिली," म्हणाले, आणि मग रंगात आले. "काय दिवस होते! बारा वर्षं जालन्याला ऑफिसला ये-जा केली, पण कधी तिकीट काढलं असेल तर शपथ!" पगारदार माणूस, बरं का! मंडप खदखदून हसला. हसेल नाही तर काय, सगळे एकाच माळेचे मणी.

साखराबाईच्या अंगाची लाही लाही झाली. गाडी यायच्या आधी ती रोज फलाटभर फिरायची. "दादा, तिकीट घ्या. विक्री न्हाई झाली तं हॉल्ट उठवतील, मंग लेकरायचं कॉलेज बुडंल." हेच बेटे तेव्हा म्हणायचे, "मावशी, गाडी काय तुमच्या घरची हाय का?" रेल्वेचा साहेब पाहणीला आला त्या दिवशी फलाट माणसांनी फुललेला, आणि तिकिटं खपली सात.

गाडी थांबायची बंद झाली. बस नव्हती. बदनापूरपर्यंत सहा किलोमीटर एकट्या पोरीला पायी कोण पाठवणार? रेणुकाचं दुसरं वर्ष अर्ध्यातच राहिलं, आणि उन्हाळ्यात लग्न उरकलं.

सरपंच भुजंगनं माईक पुढं केला. "बोला मावशी."

"सर, त्याच्यात एक ओळ घाला," ती म्हणाली. "गावानं तिकीट काढलं न्हाई म्हणून स्टेशन गेलं. माझी रेणुका त्याच्यापायी घरी बसली. बस, एवढंच."

भुजंगनं माईक हळूच काढून घेतला.

"जाऊ द्या ना मावशी! आजच्या दिवशी कशाला जुनी मढी उकरून राह्यल्या?" म्हणत त्यानं तिच्या खांद्यावर शाल टाकली. टाळ्या पडल्या.

साखराबाईनं शाल उतरवली, नीट घडी केली आणि सरांच्या मांडीवर ठेवली.

"तुम्हीच ठेवा, सर. फुकटचं तुम्हाला बराबर पचतं."

रेणुकाचा हात धरून ती मंडपाबाहेर पडली. मागून भुजंगचा आवाज आला, "आता सत्कार आपल्या स्टेशनच्या जुन्या प्रवाशांचा!"