रिकाम्या ताटलीचे वजन

मित्रांनो, माझ्या ताटलीवर आजवर जितके उंदीर बसले, तितके एखाद्या धान्याच्या गोदामातही सापडायचे नाहीत. मी महाळुंग्यातल्या एका प्रयोगशाळेतला जुना वजनकाटा. शेजारच्या कारखान्यातले प्रेस धडधडले की माझे आकडे थरथरत, म्हणून वजने गुरुवारी होत. त्या दिवशी कारखान्याला सुट्टी असते.

तिथे उंदरांची दोन घराणी होती, एक लठ्ठांचे आणि एक रोड्यांचे. खाणे दोघांना सारखेच. लठ्ठांमधले सर्वांत जड तेवढे पुढच्या पिढीसाठी ठेवायचे आणि रोड्यांमधले सर्वांत हलके. अशा निवडीने रोड्यांची आतडी पिढ्यानपिढ्या अशी होत गेली, की खाल्लेले अंगी लागेचना. न निवडलेल्यांसाठी लाल झाकणाचा डबा होता. त्यातून कोणी जिवंत परतले नाही. निवड माणसांची, पण आकडा माझा. सगळे माझ्या अचूकपणाचे कौतुक करत आणि मी फुशारून जाई.

पिंजरे धुणाऱ्या छबूबाईंचा रोड्यांतल्या एका कानतुटक्या मादीवर जीव जडला. त्या तिला आपल्या डब्यातले शेंगदाणे गुपचूप घालू लागल्या.

गुरुवारी वजने घेणाऱ्या आम्रपालीताईंनी तिला माझ्यावर ठेवले. एकोणीस ग्रॅम. रोड्यांच्या निवडीच्या हद्दीपेक्षा दोन ग्रॅमने जास्त.

"लागलं बया अंगाला," छबूबाई हरखून म्हणाल्या. "रोज चार दाणं घालत हुते, ताई."

आम्रपालीताईंनी आकडा वहीत लिहिला. "मावशी, ही हलकी राहिली असती तर वाचली असती."

लाल झाकण उघडले आणि मिटले. मला फार वाईट वाटले. एकदा तरी खोटे बोलायला हवे होते.

पुढच्या गुरुवारी ताटली रिकामी असताना आकडा उमटला. एकोणीस. दुरुस्तीवाल्याने मला सगळे उघडून पाहिले, दोष सापडला नाही. मग मला वायर काढून अडगळीच्या खोलीत ठेवले.

तरी गुरुवारी प्रेस थांबले की माझ्या ताटलीवर चार गार पावले टेकतात आणि आकडा उजळतो. छबूबाई तेवढ्यासाठी येतात. चार शेंगदाणे ठेवतात, "खा गं बाय," म्हणतात, थोडा वेळ बसतात. जाताना तेच चार दाणे उचलून नेतात.

आकडा मात्र आता तेवीसवर गेला आहे.

मित्रांनो, कधी या खोलीत आलात आणि माझ्यावरची धूळ पुसावीशी वाटली, तर गुरुवार सोडून या. त्या दिवशी ती जेवत असते.