उन्हाळ्यात गोठलेली लस

सुट्टीत आली म्हणून गावाने तिचं नाव सुट्टीवाली ठेवलं. आता तिचे केस पिकलेत, नातवंडं तिला वेगळ्याच नावाने हाक मारतात. पण सुट्टी हा शब्द कानावर पडला की अजूनही तिला वाटतं, आपल्यालाच कुणीतरी बोलावतंय.

कॉलेजचं दुसरं वर्ष संपवून ती दीड महिन्यासाठी त्या गावच्या दवाखान्यात मदतीला गेली होती. दवाखाना म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, वजनकाटा आणि घरघरणारा फ्रिज. मागच्या खोलीत सिस्टर आणि त्यांचे म्हातारे सासरे राहायचे. सासरे पूर्वी शिंपीकाम करायचे. दुपारी पत्रा तडतडायला लागला की ते ओला टॉवेल डोक्यावर घेऊन म्हणायचे, "पोरी, तुझ्या घरी पंखा होता ना? मग इथं कुणाशी भांडून आलीस?"

बाळांची वजनं घ्यायची, कार्डं लिहायची आणि गुरुवारी सकाळी लशीचा डबा भरायचा, हे तिचं काम. डबा भरण्याची एक रीत होती. फ्रीझरमधून काढलेले बर्फाचे पॅक टेबलावर मांडायचे, त्यांना घाम फुटेपर्यंत थांबायचं, हलवल्यावर आत पाणी वाजलं की मगच डब्यात लावायचे. सिस्टरांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. का, ते तिनं विचारलं नव्हतं.

त्या गुरुवारी खाणीवरची बाई येणार होती. गावापासून लांब दगडखाणीपाशी दहा-बारा झोपड्या होत्या आणि तिथलं एकही मूल कधी लशीला आलं नव्हतं. त्या झोपड्यांत या बाईचा शब्द चालायचा. सिस्टरांनी तीन खेपा घातल्या, तेव्हा कुठे ती म्हणाली, "येते एकदा. बघते." ती आली तर बाकीच्या येतील, ती बिथरली तर कुणीच येणार नाही, हे सिस्टरांनी सुट्टीवालीला चारदा बजावलं होतं.

म्हणूनच तिनं जरा जास्तच काळजी घेतली. सकाळी सातलाच अंग भाजत होतं. अशा उन्हात बर्फ टेबलावर वितळू द्यायचा, हा तिला शुद्ध वेडेपणा वाटला. दगडासारखे पॅक तिनं थेट डब्यात बसवले, मधोमध बाटल्या खोचल्या, झाकण घट्ट लावलं.

नऊ वाजता शाळेच्या ओसरीवर वीसेक बाया जमल्या. खाणीवरची सगळ्यांच्या मागे बसली, मांडीवर आठ महिन्यांची मुलगी. सिस्टर हात धुवायला गेल्या होत्या. सुट्टीवालीनं पहिली बाटली काढली. आत बर्फाचा पापुद्रा. दुसरीत, तिसरीतही तेच. तळहाताची ऊब लागली तसा पापुद्रा विरघळला आणि बाटली पहिल्यासारखी दिसू लागली. तिच्याशिवाय कुणी काही पाहिलं नव्हतं.

सिस्टर पदराला हात पुसत आल्या, सुईकडे वळल्या.

"सिस्टर," ती म्हणाली, "आत बर्फ झाला होता. आता विरघळलाय."

सिस्टरांनी बाटली उजेडाकडे धरली. "पॅकला घाम फुटला होता?"

"नाही. मला वाटलं, ऊन एवढं आहे..."

"ही लस उन्हाने बिघडते तशी थंडीनेही बिघडते. एकदा गोठली की संपली. टोचली तर मूल रडेल, उपयोग काही नाही." त्यांनी सगळ्या बाटल्या बाजूला ठेवल्या. "जा, सांग त्यांना."

"मी?"

"डबा कुणी भरला?"

तिनं उभं राहून सांगितलं. मग गवंड्याची बायको म्हणाली, "या उन्हात गोठली? अगं बाई, मग आम्हालाच बसव की त्या डब्यात."

सगळ्या हसल्या. खाणीवरची हसली नाही. मुलीला कडेवर घेऊन ती उठली. "दीड तास चालले मी," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

पुढचे चार दिवस सिस्टर कामापुरतं बोलल्या. सासऱ्यांनी आपल्या परीने समजूत घातली. "मी एका नवरदेवाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या."

"मग?"

"मग काय, लग्न झालं. फोटोत तो एक हात मागे धरून उभा आहे."

पुढच्या गुरुवारी गावातलं उरकल्यावर सिस्टर म्हणाल्या, "एक बाटली शिल्लक आहे. चल." एका बाटलीत दहा मुलांची लस. तिची परतीची बस दुसऱ्या दिवशी पहाटेची होती.

खाणीवरची खडी फोडत बसली होती, कोपरापर्यंत पांढरी. तिनं डब्याकडे पाहिलं. "आज काय झालंय लशीला?"

"काही नाही. मी दोनदा बघितलं," सुट्टीवाली म्हणाली.

बाईनं हातोडी खाली ठेवली आणि झोपड्यांकडे तोंड करून हाक दिली, "या गं, ती आली. हिच्या डब्यात उन्हाळ्यात थंडी पडते ती." मग सिस्टरांकडे वळून म्हणाली, "गुपचूप टोचली असती तर मला काय कळणार होतं?"

चौदा मुलं आली. दहांना लस मिळाली, बाटली रिकामी झाली.

"या चौघांचं काय?" खाणीवरचीनं विचारलं.

"पुढच्या गुरुवारी," सुट्टीवाली म्हणाली.

"कोण येणार? तू?"

सिस्टर डब्याचं झाकण लावण्यात गुंतल्यासारख्या दिसत होत्या.

"मी," ती म्हणाली.

संध्याकाळी तिनं पोस्टातून घरी तार केली: चार मुलं राहिली आहेत, पुढच्या शुक्रवारी येते. वडील म्हणे ती तार हातात घेऊन दिवसभर घरात फिरत होते आणि आईला विचारत होते, कुणाची?