तीन पिढ्यांचा कागद

अपॉइंटमेंट बुधवारची होती आणि रविवार उजाडला तरी कागद अर्धाच भरला होता.

नाशिकच्या सिडकोतल्या त्या घरात सगळेच थकून गेले होते. चार महिन्यांपूर्वी निकिता आणि रविराजचं सहा महिन्यांचं बाळ, रुद्र, गेलं होतं. त्यानं मान कधी धरलीच नाही. हातपाय लुळे पडत गेले, रडण्याचा आवाज बारीक झाला, आणि आजाराचं नाव कळण्याआधीच सारं संपलं. डॉक्टर म्हणाले होते, "पुढच्या बाळाचा विचार करण्याआधी जनुकीय समुपदेशकांना भेटा. असे आजार काही वेळा आईवडिलांकडून नकळत येतात." येताना त्यांनी एक कागद दिला होता. दोन्ही घरांच्या तीन पिढ्या त्यात लिहायच्या होत्या. कोण कशानं गेलं, कुणाचं मूल लहानपणी दगावलं, कुणाची लग्नं नात्यात झाली.

"आत्या, बाबांनी आमच्याकडची माहिती फोनवर दिली," निकिता म्हणाली. ती शैलाताईंच्या सख्ख्या भावाची मुलगी, त्यामुळे सून होऊनही ती त्यांना आत्याच म्हणे. "आता आतोबांकडचं तुम्हीच सांगा. कुणाचं तान्हं बाळ गेलं होतं का?"

"नाय गं. आपल्याकडं असलं काही नाही," शैलाताई म्हणाल्या आणि मेथी निवडू लागल्या.

हे त्या तिसऱ्यांदा सांगत होत्या. दर वेळी तेच बोलायला जास्त बळ लागत होतं. बिल्डिंगमधल्या बायका म्हणत, निकिता सातव्या महिन्यात वणीच्या गडाच्या पायऱ्या चढली, ग्रहणात शिलाई मशिनवर बसली, मग दुसरं काय होणार! शैलाताई ते ऐकून घेत. एकदा तर त्यांनी मानही डोलावली होती.

तेवढ्यात समोरच्या लताबाई आल्या. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स म्हणून काढलेल्या लताबाईंनी चष्मा लावला आणि रुद्रचे कागद तारखेवार फाइलला लावायला घेतले.

"प्रश्न लिहिलेस का? तिथं गेल्यावर काही आठवत नाही बघ."

निकितानं वही पुढे केली. लताबाई मोठ्यानं वाचू लागल्या. "पुन्हा असं होईल का? पोटात असताना आधी कळेल का?" पुढे त्यांचा आवाज उतरला. "माझं नेमकं काय चुकलं?"

शैलाताईंचे हात थांबले. पंचविशीतली शैला त्यांना आठवली. तीही येवल्याच्या घरात हाच प्रश्न घेऊन बसली होती, पण तिला वही कुणी दिली नव्हती.

लताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "शैलाताई, हा कागद कुणाची अब्रू काढायला नसतो हो. घरात आधी काय घडलं ते कळलं, तर कुठली तपासणी करायची ते डॉक्टरांना समजतं. नाहीतर ते अंधारात चाचपडत बसतात, आणि लोक सुनेला बोल लावून मोकळे होतात."

"हर्षदा!" शैलाताईंच्या तोंडून एकदम निघालं. "हर्षदा नाव होतं तिचं. रविच्या आधीची माझी लेक!"

अंबडच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आलेला रविराज दारातच उभा राहिला. "मला बहीण होती?"

"होती रे. सात महिन्यांची होऊन गेली. अगदी आपल्या रुद्रासारखीच. मान धरली नाही तिनं." शैलाताई खाली मान घालून बोलत होत्या. "सासूबाई म्हणाल्या, दिवस असताना भरदुपारी विहिरीवर गेलीस म्हणून झालं. वर मला आणि माझ्या माहेरच्यांनाही शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही, नाहीतर या घरात पोरगी कोण देईल! चौतीस वर्षं झाली. तुझ्या वडिलांनीही मरेपर्यंत नाव काढलं नाही. ते माझे आतेभाऊच, तेही लिही त्या कागदात."

मग निकिता उठली.

"तुम्हाला माहीत होतं, आत्या. बायका मला बोलत होत्या तेव्हाही माहीत होतं. रोज झोपताना मी त्या पायऱ्या मोजत होते!"

"चुकलं माझं," शैलाताई म्हणाल्या. "मला जे ऐकावं लागलं, तेच मी तुझ्या वाट्याला येऊ दिलं."

निकितानं त्यांना जवळ घेतलं नाही. तेवढी ताकदच तिच्यात नव्हती. ती आत जाऊन पडली. तासाभरानं बाहेर आली, पेन उचललं आणि विचारलं, "हर्षदाचं जन्मसाल कोणतं?"

बुधवारी तिघंही गेली. समुपदेशक बाईंनी दोन्ही घरांची आकृती काढली. हर्षदा आणि रुद्रच्या खुणांवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "या माहितीमुळे दिशा मिळाली. एकच दोष आईवडील दोघांमध्येही लपलेला असू शकतो. स्वतःला काहीच त्रास नसतो. नात्यातल्या लग्नात तो दोघांत असण्याची शक्यता वाढते. रक्ताची तपासणी करू. पण पायऱ्या, ग्रहण, विहीर यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. निकिता, तुमचं काही चुकलं नाही. आणि आजी, तुमचंही नाही."

शैलाताईंनी पदरानं तोंड झाकलं आणि त्या हमसून रडल्या. त्या वेळी मात्र निकितानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

महिन्याभरानं रिपोर्ट आले. दोष दोघांतही होता. प्रत्येक वेळी चारात एक धोका, पण गरोदरपणाच्या सुरुवातीला तपासणी करता येणार होती. पुढे काय करायचं ते दोघांनी अजून ठरवलेलं नाही. घाई नाही, असं शैलाताईच म्हणाल्या.

त्यांनी स्वतः एक काम केलं. पुतण्या ज्ञानेशचं लग्न त्याच्या आतेबहिणीशी ठरत होतं. त्यांनी येवल्याला जावेला फोन लावून सगळं सांगितलं, आधी तपासून घ्या म्हणाल्या. "घराण्याला बट्टा लावता का!" म्हणून जावेनं फोन आपटला. दोन दिवसांनी ज्ञानेशचाच फोन आला. "काकू, त्या डॉक्टरांचा पत्ता पाठवता का?"

वाचकहो, आजार कुणाच्याही रक्तात असू शकतो, त्यात लाज कसली? लाज वाटायला हवी ती आपल्या गप्प बसण्याची, कारण त्याची शिक्षा घरातली बाई भोगते आणि पुढचं बाळही. घरातल्या थोरांनो, तुमच्या पोटात असा एखादा हर्षदा नावाचा हुंदका असेल, तर तो मुलांना सांगा. ती रागावतील, पण त्यांना पुढची वाट त्यातूनच सापडेल.