चौथ्या माईकवरची पिवळी पट्टी

मी एक जुना माईक आहे. लेस्टरमधल्या एका घरात, काचेच्या कपाटात, चिनी मातीच्या दोन हत्तींच्या मधोमध माझी जागा आहे. पाहुणे आले की मला बाहेर काढतात. पाहुणे मला तोंडाजवळ धरून 'हॅलो, हॅलो' म्हणतात. मी काहीच बोलत नाही. मग मला पुन्हा हत्तींमध्ये ठेवतात आणि चहा येतो.

मित्रांनो, गप्प बसणं हा काही माझा स्वभाव नव्हे. कारखान्यात मी तयार झालो तेव्हा तपासनिसाने मला तोंडाशी धरलं आणि 'वन, टू' म्हटलं. शेडभर तो आवाज खणखणीत घुमला. तपासनीस 'गुड' म्हणाला आणि त्याने मला खोक्यात घातलं. मला वाटलं, ही तर सुरुवात आहे. पुढची काही वर्षं तेच माझं सर्वांत मोठं भाषण ठरणार आहे, हे मला कोण सांगणार?

आम्ही चार बिनतारी माईक एकाच पेटीतून लंडनला आलो. तिथे नायजेल नावाचा एक गृहस्थ चार मुलींचा गाण्याचा गट जमवत होता. सन २००२ चा जानेवारी होता आणि निवडीच्या हॉलमधलं हीटिंग बंद पडलं होतं. निवडलेल्या मुली कुडकुडत होत्या म्हणून नायजेलने बाजारातून चार एकसारखे लाल कोट आणवले. त्या कोटांत त्यांचा पहिला फोटो निघाला आणि गटाचं नावच पडलं 'द मॅचिंग कोट्स'. पुढे पत्रकारांनी या नावामागचं तत्त्वज्ञान विचारलं, तेव्हा नायजेल स्त्रियांच्या एकजुटीवर बराच वेळ बोलत असे. हीटिंगचा उल्लेख मी तरी कधी ऐकला नाही.

प्रत्येक माईकवर एकेका रंगाची पट्टी चिकटवली गेली. लाल पट्टीचा माईक कर्स्टीचा. ती मुख्य गायिका, गोरीपान, उंच, आणि आवाजही बरा. निळा आणि हिरवा दुसऱ्या दोघींचे. पिवळ्या पट्टीचा मी. मी आसावरीच्या वाट्याला आलो.

आसावरी लेस्टरची. वडील रघुवीर तिथल्या इस्पितळात औषधं देत, आई श्यामला घरी गाणं शिकवत. पोरगी लहानपणापासून आईपुढे तंबोरा घेऊन बसलेली. नायजेलने तिचं नाव पहिल्याच दिवशी 'सॅव्ही' करून टाकलं, कारण आसावरी म्हणताना त्याची जीभ अडखळे. तिचं मराठी घरचं, पण जन्म इथला. त्यामुळे ती मला 'माझी माईक' म्हणायची. आई दर वेळी म्हणे, "माझा गं, माझा." पण काही उपयोग झाला नाही. माझी तक्रार नव्हती. मुलींच्या गटात राहायचं तर तेच बरं.

तक्रार वेगळीच होती. पहिल्या तालमीत आसावरी माझ्यातून गायली. मित्रांनो, काय सांगू. माझ्या पोटातली तार न् तार शहारली. गाणं संपल्यावर नायजेलने डोकं खाजवलं.

"सॅव्ही, तुझा आवाज फार आहे."

"फार काय आहे?"

"नुसताच फार आहे. बाकीच्या तिघी बॅकग्राउंडला गेल्यासारख्या वाटतात."

ती म्हणाली, "मग त्यांचा वाढवा."

नायजेल हसला आणि साउंडवाल्या टेरीकडे वळून त्याने बोटाने गळा चिरल्याची खूण केली. टेरीने मिक्सरवरचं माझं, म्हणजे चौथं बटण तळाला सरकवलं. आसावरीच्या वाट्याच्या दोन ओळी कुणा भाडोत्री गायिकेकडून रेकॉर्ड करून घेतल्या. आसावरीने त्यांवर ओठ हलवायचे, असं ठरलं. "थोडे दिवस," नायजेल म्हणाला.

ते थोडे दिवस काही केल्या संपेनात. पहिलंच गाणं नाताळात गाजलं. शॉपिंग सेंटरांची उद्घाटनं झाली, टीव्हीचे कार्यक्रम झाले. साउथहॅम्प्टनला एका नव्या क्रूझ जहाजाच्या समारंभात गाणं झालं. तिथे आसावरीच्या हातातून मी धक्क्यावर पडलो आणि माझ्या जाळीला एक खळगा पडला. तिने मला उचलून 'सॉरी, सॉरी' म्हणत पुसलं. तेव्हापासून मला हातात घेतलं की तिचा अंगठा आधी त्या खळग्यावर जाई. एखाद्याने देवघरासमोरून जाताना सवयीने हात जोडावेत, तसा.

मुली हॉटेलात उतरत, आम्ही पेटीत. पोरंपोरी सह्या घ्यायला रांगा लावत. आणि ती रोज माझ्यात गात असे. हो, गात असे. ओठ हलवायचं काम होतं, पण तिला ते जमतच नसे. खरा, भरलेला सूर माझ्या जाळीवर येऊन आदळे, आणि माझ्यापुढे दार बंद. टपाल घेऊन निघालेल्या पोस्टमनला रोज फाटकातूनच परत पाठवावं, तशी माझी गत. टेरीला तर त्या चौथ्या बटणाची इतकी सवय झाली की तो त्यावर चहाचा कप ठेवू लागला.

घरी तिने हे सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? श्यामलाबाईंनी बेलग्रेव्ह रोडवरच्या प्रत्येक दुकानात 'आमची आसावरी गाते' हे इतक्यांदा सांगितलं होतं की भाजीवाला कोथिंबीर फुकट देत होता. फक्त एकदा फोनवर त्या म्हणाल्या, "रेकॉर्डवर तुझा आवाज ओळखूच येत नाही गं. सर्दी झाली होती का?"

"हो आई," आसावरी म्हणाली. "थोडी होती."

मग २००६ चा ऑक्टोबर आला. बर्मिंगहॅमच्या मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठरला आणि आईवडिलांनी तिकिटं काढली. आसावरीचा चेहरा उतरला. रेकॉर्डवरची सर्दी खपली होती, पण समोर बसलेल्या आईला फसवायचं कसं? जिने सा लावायला शिकवलं, तिला मुलीचा बंद गळा कळणार नाही?

ती नायजेलकडे गेली. "एक दिवस माझी माईक ऑन करा. फक्त दोन ओळी."

"सॅव्ही," तो म्हणाला, "गाणं चांगलं चाललंय. त्यात गाऊन बिघडवू नकोस."

आदल्या दिवशी ती लेस्टरला घरी आली. माईकची पेटी तिच्याकडेच होती, कारण गाडीत कोटांमुळे जागा उरली नव्हती. दिवस होता खंडेनवमीचा. रघुवीररावांची गोळ्या मोजायची ताटली, श्यामलाबाईंचा तंबोरा आणि घरातली इस्त्रीसुद्धा पाटावर मांडलेली. श्यामलाबाईंनी आम्हा चौघांनाही पाटावर घेतलं.

"शी, किती कळकट पट्ट्या या," त्या म्हणाल्या आणि चारही पट्ट्या टराटरा सोलून काढल्या. आम्हाला ओल्या फडक्याने पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. कर्स्टीचा माईक माझ्याशेजारीच होता. त्याला आपण कोण आहोत हेच कळेना.

पूजा झाल्यावर नव्या पट्ट्या लावायची वेळ आली. आसावरी अंघोळीला गेली होती.

"अहो, कुठली कुणाला होती?"

रघुवीरराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "चार माईक, चार रंग. लाव कशाही. माईक तो माईक."

श्यामलाबाईंनी पिवळी पट्टी कर्स्टीच्या माईकला लावली. लाल मला लावली. मी ओरडून सांगणार होतो, पण मी कुठे बोलतो?

दसऱ्याची संध्याकाळ. सभागृह गच्च भरलेलं. श्यामलाबाई आणि रघुवीरराव पाचव्या रांगेत. शालू नेसलेली बाई अख्ख्या हॉलमध्ये एकच. लाल पट्टी पाहून कर्स्टीने मला उचललं. आसावरीने पिवळी पट्टी उचलली. दिवे मंदावले. पहिलं गाणं कर्स्टीच्या एकटीच्या ओळीने, वाद्यांशिवाय सुरू व्हायचं.

कर्स्टीने तोंड उघडलं. तिचा आवाज माझ्या जाळीवर आला आणि टेरीच्या कपाखाली जाऊन संपला. सभागृहात शांतता. कर्स्टीने माझ्याकडे पाहिलं. मी बरंच बोललो असतो, पण तिला वाटलं, सेल गेले.

तेवढ्यात मला पलीकडे आसावरी दिसली. तिचा अंगठा सवयीने खळगा शोधत होता. खळगा नव्हता. अंगठा पुन्हा फिरला. मग तिने माझ्याकडे, कर्स्टीच्या हातातल्या खळग्याकडे, पाहिलं. तिला कळलं. आपल्या हातात जिवंत माईक आहे हे तिला कळलं. माईक बदलून घ्यायला दोन पावलांचं अंतर होतं. तिने पाचव्या रांगेकडे पाहिलं आणि डोळे मिटून सूर लावला.

टेरी घाबरून कर्स्टीचं, एक नंबरचं बटण वर, आणखी वर सरकवत होता. त्याच्या समजुतीने तो कर्स्टीला वाचवत होता. आसावरीचा आवाज छपराला लागला आणि कर्स्टी पुढे उभी राहून नुसते ओठ हलवत राहिली. रघुवीररावांनी नंतर सांगितलं, श्यामलाबाईंनी त्यांचा दंड इतका घट्ट धरला की बांगडीचा वण उठला.

"अहो, सर्दी गेली हिची," एवढंच त्या म्हणाल्या.

मंचामागे नायजेल लालबुंद होऊन उभा होता. "तुला गायला कोणी सांगितलं?" तो म्हणाला. एका गायिकेला हा प्रश्न आपण विचारत आहोत, हे त्याच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी एका पेपराने लिहिलं, 'कर्स्टीचा आवाज आता कमालीचा पिकला आहे.' आसावरीने ते कात्रण आईला वाचून दाखवलं. श्यामलाबाई म्हणाल्या, "पेपरवाल्यांना कान नसतात. मला आहेत."

पट्ट्या पुन्हा जागेवर आल्या आणि मी पुन्हा कपाखाली गेलो. दोन वर्षांनी मॅचिंग कोट्समध्ये कुणाचंच कुणाशी मॅच होईना, आणि गट मोडला. आसावरी आता लेस्टरमध्ये मुलांना गाणं शिकवते. तिने मला आठवण म्हणून मागून घेतलं.

मित्रांनो, तिच्यासाठी मला आनंद आहे. पण खरं सांगू? त्या रात्री तिचा आवाज घुमला तो शेजारच्या माईकमधून. इतकी वर्षं रोज तो आवाज मी झेलला आणि ऐन दिवशी मी होतो दुसरीच्या हातात, मुका. हे दुःख कुणाला सांगायचं? त्यासाठीही माईक लागतो.

दर खंडेनवमीला श्यामलाबाई मला अजून पाटावर घेतात. पुसतात, हळदकुंकू लावतात, झेंडू वाहतात. आसावरीचा अंगठा खळग्यावरून फिरतो. "माझी माईक," ती म्हणते. "माझा," आई म्हणते. खालच्या खोलीत आसावरीचे विद्यार्थी जुन्या स्पीकरसमोर सा लावत असतात. मी वाट पाहतो. मग मला पुन्हा हत्तींमध्ये ठेवतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात, वर्गात असा कुणीतरी कपाटात ठेवलेला असेल. त्याचं कौतुक करा, पूजाही करा, माझी ना नाही. फक्त आधी त्याच्या पोटात दोन सेल घाला.